नावं कापलेला धवला

"मावशी, जरा उठता का? ही रांग रायटर्सची आहे."

गळ्यात ओळखपत्र, हातात यादी, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. कॉलेजचा मोठा हॉल. मी पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. बोलावलं होतं म्हणून बसले होते. न्यायला रिक्षा आली होती.

"मना बोलवलाय," मी म्हटलं.

"हो, पण कॅटरिंगचा स्टाफ मागच्या दाराजवळ बसलाय ना. तुम्ही पण तिथेच बसा. चहा तिथेच मिळेल."

अंगावर लुगडं होतं. लुगड्यातली म्हातारी कॉलेजात आली तर ती भांड्यांकडचीच असणार, असा तिचा अंदाज. मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि मागच्या दाराजवळ, चहाच्या टाक्यांशेजारी जाऊन बसले. तिनं उठवलं याचा राग कधीच गेला. मी उठले याचा अजून आहे.

मग लेखकांची ओळख सुरू झाली.

या कॉलेजच्या मुलांनी एक ब्लॉग काढला होता. ब्लॉग म्हणजे फोनमध्ये वाचायचं मासिक. आमच्या भागातले सण, जेवण, गाणी, जुनी घरं, यावर मुलं लिहितात. सहा जण. एकेकाचा फोटो पडद्यावर भिंतीएवढा व्हायचा. खाली नाव, नावाखाली एक-दोन ओळी. एक मुलगा खाडीतल्या पक्ष्यांवर लिहितो. एक मुलगी दिवाळे गावच्या सुक्या मासळीवर लिहिते, पण वास सहन होत नाही असं तिनंच हसत सांगितलं. लोकही हसले. अद्वैत नावाचा उंच, केस बांधलेला मुलगा, तो रेकॉर्डिंग सांभाळतो. प्रत्येक जण माइकवर येऊन आभार मानायचा. आईचे, बाबांचे, मॅडमचे, प्रिन्सिपल सरांचे, शाळेतल्या मराठीच्या बाईंचे. नाव घेऊन. कोणी कोणाला विसरत नव्हतं.

पाचवी सायली.

तिचा फोटो माझ्या ओट्यावर काढलेला होता. मागे माझी तुळस, बाजूला माझा पाटा-वरवंटा. मी नव्हते. मी चौथी शिकलेय, मोठं अक्षर लांबून वाचता येतं. ‘सायली. लुप्त झालेले आगरी धवले हिने शोधून काढले.’

लुप्त झालेले. आणि मी तिथंच, चहाच्या टाकीला टेकून बसलेली.

धवला म्हणजे काय ते सांगते. आम्हा आगऱ्यांचं लग्न पूर्वी धवलारीण लावायची. बाई. हळद कांडण्यापासून नवरी दारात येईपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं, तो धवला. तिनं तो गायल्याशिवाय पुढचं काम व्हायचं नाही. मी जासईची. लग्न होऊन बेलापूरच्या बाजूला आले आणि इथं पारूबायनं मला शिकवलं. पारूबाय माझी चुलतसासू. उंच, काळी, तोंडानं जहाल. तिच्यामागं तीस वर्षं मी गावची लग्नं लावली.

आमच्यात धवला उचलायच्या आधी नावं घ्यायची पद्धत आहे. मला पारूबायनं शिकवला. पारूबायला तिच्या आत्यानं, चांगुणेनं. चांगुणेला मोरा गावच्या राधीनं. असं मागं मागं जायचं. माझ्यापर्यंत सात नावं आलीत. ती सगळी घ्यायची आणि मग धवला. स्वतःचं नाव मात्र स्वतः घ्यायचं नाही. ते आपल्याकडून शिकलेली घेते. तिनं घेतलं तर आपण राहिलो. नाही घेतलं तर नाही.

एकदा मी नवी असताना घाबरले आणि नावं न घेताच हळदीचा धवला उचलला. भरल्या मांडवात पारूबायनं माझा दंड धरला.

"थांब! नावा कोन घेनार? तुझा बापूस?"

सगळं लग्न थांबलं. नवरी एका गालाला हळद लावून बसलेली. मी रडत रडत पहिल्यापासून सुरू केलं. तोही अपमानच होता. पण तो मला लागू होता.

आता लग्नं हॉलमध्ये होतात, हळदीला डीजे असतो. धवलारणीला कोणी बोलवत नाही. माझ्या नातीचं लग्न खांदेश्वरला झालं, तेव्हा मी मुलाला म्हटलं, एक तरी धवला बोलते. तो म्हणाला, "आई, आज नको. चारला हॉल खाली करायचाय." मी गप्प बसले. बुंदीचा लाडू खाल्ला आणि घरी आले.

मुलगा तिकडं फ्लॅटमध्ये राहतो. मी इथं गावठाणात, खालच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यांवर भाडेकरू. त्यांना मी ‘आजी, मोटर लावा’ एवढ्यापुरती ठाऊक. कधी कधी चार चार दिवस मी बोललेलं मलाच ऐकू येत नाही. मग भांड्याला काहीतरी म्हणते. घसा चालतो का ते बघायला.

अशात सायली आली. दारात उभी राहून म्हणाली, "आजी, तुम्हाला धवले येतात ना?"

खोटं लिहीत नाही, मला आनंद झाला. ती दर शनिवारी यायची. मी शुक्रवारीच खारी आणून ठेवायची. "आजी, तुम्ही किती क्यूट आहात," म्हणायची. क्यूट म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "गोड." मला कोणी गोड म्हटल्याचं आठवत नाही. पारूबाय मला सुका बोंबील म्हणायची.

चार महिने आली. अद्वैत दोनदा आला, मशीन घेऊन. पंखा बंद करा. कुकर बंद करा. "आजी, त्या कोंबड्यांना गप्प करता येईल का?" मी म्हटलं, "तूच सांगून बघ. तुझा ऐकतील." सायली पोट धरून हसली. घरात असं हसणं झालं की ते गेल्यावर घर जास्तच गप्प व्हायचं. तरी मी शनिवारची वाट बघायची.

मी प्रत्येक वेळी आधी नावं घेतली. एकदाही चुकले नाही. सायलीला पद्धत समजावली, ती तिनं वहीत लिहून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे आता तुमचं नाव मी घेणार!"

हे ती म्हणाली नसती तर मी त्या हॉलमध्ये पाय ठेवला नसता.

तर सायली माइकवर आली. आईबाबांचं नाव घेतलं, मॅडमचं घेतलं, अद्वैतचं घेतलं. मग म्हणाली, "आता आपण एक धवला ऐकूया." दिवे मंद झाले. माझा आवाज आला. हळदीचा धवला. थेट पहिल्या ओळीपासून. पारूबाय नाही. चांगुणा नाही. सातांतली एक नाही.

मी उठले. ठरवून उठले नाही.

"थांबवा!"

हळदीला आवाज द्यायचा तसा दिला. माइक लागला नाही. रेकॉर्डिंग थांबलं. सगळ्या माना मागं वळल्या.

मुलांचा ब्लॉग बघणाऱ्या मॅडम स्टेजवर होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, मोठं कुंकू. त्यांना वाटलं मी हौसेनं ओरडले. "अरे, आजी इथेच आहेत! या, या. आपण त्यांचा सत्कार ठेवलाच आहे." एक शाल आणि नारळ पुढं आला. मी मधल्या वाटेनं स्टेजपाशी गेले.

"सत्कार मंग. पयले नावा लावा. पयल्यापासून लावा."

अद्वैत म्हणाला, "आजी, तो पार्ट एडिट केलाय. दीड मिनिट नुसती नावंच होती. लोक स्किप करतात."

हॉल हसला. सगळा.

"तुमी आता आईबापसाची नावा घेतली, सरांची घेतली. ती कोनी स्किप केली?"

हसू थांबलं. मॅडम खाली आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसा आवाज. "आजी, लोकगीतं निनावी असतात. ती कोणा एकाची नसतात. सगळ्या समाजाची असतात."

"समाजाची हायत, तर भिंतीवर हिचा एकलीचा फोटू कशाला?"

मॅडमनी हात काढला. मागं वळून म्हणाल्या, "कोणीतरी त्यांना पाणी द्या."

पाणी घेतलं नाही. शाल घेतली नाही. मी सायलीकडं बघत होते. ती माइकपासून दोन पावलांवर उभी होती. एक नाव घ्यायला किती वेळ लागतो? मी उभी राहिले. तिला वेळ दिला. ती ओढणीचं टोक बघत राहिली.

मी चालत घरी आले.

पुढच्या शनिवारी ती आली. दारातच रडायला लागली. मला दुसऱ्याचं रडणं बघवत नाही असं काही नाही, बघवतं. मी तिला रडून घेऊ दिलं.

"आजी, सॉरी. मी अद्वैतला सांगितलं होतं कापू नको."

"आनि माझा नाव?"

तिनं फोन काढून दाखवला. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. ‘माहिती: स्थानिक महिला.’ "पण आता चेंज करणार आहोत आम्ही. विशेष आभारमध्ये तुमचं पूर्ण नाव टाकू. फोटोसकट. मॅडम हो म्हणाल्यात."

मी म्हटलं, "एक धवला बोल."

"म्हणजे?"

"चार महिने बसलीस. एक बोलून दाखव. कुठलाबी."

ती हसली. मग तिला कळलं मी गंमत करत नाही. "मला पाठ नाहीयेत, आजी. सगळे सेव्ह आहेत ना."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ही शिकायला आलीच नव्हती. न्यायला आली होती. वाईट मनानं नाही. दिवाळ्याला येऊन मासळी घेऊन जातात तशी. आणि मी चार महिने खारी मांडून बसले, कारण मला कोणीतरी दारात हवं होतं. शिकतेस का, असं मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि शनिवार रिकामा झाला असता. म्हणून नाही विचारलं.

दुसरंही कळलं. ते जास्त कडू आहे. खांदेश्वरच्या हॉलमध्ये पारूबायचं नाव कापलं ते मीच. अद्वैतला त्यासाठी मशीन लागलं. मला लाडू पुरला.

सायली गेली. मी थांबवलं नाही. त्यानंतर ती आली नाही, आणि मी खारी आणत नाही. शनिवार आता गुरुवारसारखाच असतो.

मागच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. ब्लॉगला वर्ष होतंय. त्यात विद्यार्थी लेखकांची ओळख माझ्या शब्दांत हवी आहे. ‘तुम्ही नुसतं बोला आजी, आम्ही लिहून घेऊ.’ मी कळवलं, बोलणार नाही, मीच लिहीन. वही आणली. सहा दिवस लागले. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन तुम्ही नीट करा. ओळ मात्र कापायची नाही. कापायची असेल तर वही परत पाठवा.

ओळख अशी. मुलं हुशार आहेत. पक्ष्यांवर लिहिणारा खाडीवर उन्हातान्हात उभा राहतो, मी बघितलंय. मासळीवाली नाक दाबून का होईना, दिवाळ्याला जाते. बाकीच्यांशी माझा संबंध आला नाही. अद्वैतला तिसऱ्या घरातली कोंबडी ऐकू येते, सात बायका ऐकू येत नाहीत. सायली मायाळू आहे आणि भित्री आहे. दोन्ही लिहा. तुम्ही त्यांना लेखक म्हणता, म्हणा. माझ्या ओट्यावर ती लेखक म्हणून आली नव्हती, पाहुणी म्हणून आली होती. पाहुण्यानं घरातलं काही नेलं तर कोणाच्या घरून आणलं ते सांगावं लागतं.

माझा एकही धवला आता मशीनसमोर होणार नाही. नेलेत ते नेलेत. सात नावं परत जोडाल तेव्हाच वाजवा. तोवर जो विचारेल त्याला मी सांगेन की ते अर्धवट आहेत. निम्म्याहून जास्त अजून माझ्या तोंडात आहेत. ज्या बाईला पाहिजेत तिनं फोन घरी ठेवून यावं, समोर बसावं, पाठ करावं. चुकली की दंड धरीन. कोणी आली नाही तर ते माझ्याबरोबर जातील. आभाराच्या यादीत राहण्यापेक्षा ते बरं.

आणि मी गप्प बसायचं सोडलंय. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, लोक काय बोलतील?" मी म्हटलं, "बोलू दे. मी पन बोलनार हाय."

उद्या आमच्या आळीत हळद आहे. मांडव पडलाय, स्पीकर लागलेत. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे.