मस्कतची मंडळी, ग्वांगझूचं हॉटेल

आमच्या ऑफिसात चीनहून दोनच गोष्टी येतात. कंटेनर आणि किस्से! कंटेनर समुद्रातून यायला तीन-चार आठवडे घेतो, वर कस्टम्समध्ये अडकून बसतो. किस्से मात्र माणसांबरोबर विमानातूनच उतरतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पँट्रीत डबे उघडले की सुरू. मी कधी लिहून ठेवले नाहीत. तरी इतके साठलेत की आता जागा पुरत नाही.

ऑफिस मस्कतला, अल् खुवैरमध्ये. टाइल्स आणि बाथरूम फिटिंग्ज आणून विकणारी कंपनी. मी परचेसमध्ये, त्यामुळे तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळं माझ्या गळ्यात. २०१२च्या सुमारापासून आमची माणसं वर्षातून दोनदा माल बघायला ग्वांगझूला जायला लागली आणि मी त्यांना दर वेळी एकाच हॉटेलात उतरवायचे. तीन स्टारचं. फार भारी नाही, फार वाईट नाही, मेट्रो स्टेशन समोर.

जाणारे तिघे. देशमाने साहेब, आमचे परचेस मॅनेजर, पुण्याचे, कट्टर शाकाहारी. अल् घुब्राला बायको आणि मुलीबरोबर राहतात. साळवी, कुडाळचा, मूळचा प्लंबर, आता कंपनीचा टेक्निशियन. हमरियात तिघांबरोबर खोली करून राहतो. आणि सालेम, आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, भाचा. अस्सल ओमानी, पण हिंदी माझ्यापेक्षा फाडफाड!

*

पहिल्याच ट्रिपला मी देशमाने साहेब आणि साळवीला एक खोली दिली आणि सालेमला वेगळी. ते पोहोचल्यावर तासाभरात साहेबांचा फोन.

"प्राजक्ता, बाथरूमला भिंतच नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे काच आहे. आरपार! पलंगावरून शॉवर दिसतो. शॉवरमधून पलंग दिसतो."

मी हॉटेलला मेल केला. त्यांचं उत्तर आलं, 'होय, अतिशय सुंदर काच आहे.'

मग दोघांनी करार केला. एकाची आंघोळ सुरू झाली की दुसऱ्याने कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहायचं. सकाळी साळवी बाहेर. मग साळवी आत, साहेब बाहेर, टॉवेल खांद्यावर, हातात कंपनीची फाइल, म्हणजे जरा कामात असल्यासारखं वाटावं. मजल्यावरची सफाईवाली बाई आधी हसायची. तिसऱ्या दिवसापासून तिने खुर्ची आणून ठेवली. तिला वाटलं असावं, दोघांचं भांडण झालंय.

शेवटच्या दिवशी सालेम त्यांना बोलवायला खोलीत आला. बोलता बोलता त्याने पलंगाजवळचं एक बटण दाबलं. सर्रकन काचेवर पडदा उतरला!

दोघं बघतच राहिले. सालेम म्हणाला, "अरे, तुमको मालूम नहीं था? मुझे लगा, तुम लोगों में बाहर खड़ा रहने का रिवाज है!"

*

देशमाने साहेबांच्या खाण्याचं काय होणार, याची सगळ्यात जास्त काळजी वहिनींना. त्यांनी ठेपले, चटण्या, मेतकूट सगळं बांधून दिलं. ती बॅग पहिल्याच ट्रिपला दुबईत राहिली.

सकाळी हॉटेलच्या ब्रेकफास्टला साहेबांनी फरसबीच्या भाजीकडे बोट दाखवून मोबाइलवर प्रश्न टाइप केला, 'हे शाकाहारी आहे का?' आचाऱ्याने वाचलं, आनंदाने मान हलवली आणि स्वतः टाइप करून फोन परत दिला. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'होय, शाकाहारी. मांस अगदी बारीक आहे.'

साहेब पुढे सरकले. अगदी टोकाच्या टेबलावर झाकणाखाली वाफ येत होती. झाकण काढलं तर उकडलेली रताळी! शेजारी उकडलेले शेंगदाणे. त्याच्या शेजारी जांभळं कोनफळ, मग शिंगाडे, शेवटी केळी.

साळवी मागून डोकावला. "सायबानू, ह्यां तर संकष्टीचां ताट आसा!"

ज्या माणसाने जन्मात एकादशी केली नव्हती, त्याने सलग आठ दिवस उपासाचं खाल्लं. घरी फोनवर वहिनी रोज विचारायच्या, "आज काय खाल्लंत?" साहेब खरं ते सांगायचे. आठव्या दिवशी वहिनी गहिवरून म्हणाल्या, "तिकडे जाऊन देवाची आठवण झाली, हेही काही कमी नाही."

साहेबांनी आजतागायत त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

*

त्या हॉटेलात रिसेप्शनवर एक मुलगी होती, मेई. वीस-बावीसची, सदा हसतमुख. इंग्रजी मात्र अगदी मोजकं.

एकदा साहेबांना मीटिंगसाठी शर्टाला इस्त्री हवी होती. ते खाली गेले. "आयर्न," म्हणाले. मेईने हेअर ड्रायर दिला. साहेबांनी शर्ट काउंटरवर पसरून हाताने इस्त्री फिरवून दाखवली. मेईने पलंगाची नवी चादर आणून दिली. साहेबांचं तीस वर्षांचं ऑफिसातलं इंग्रजी संपलं.

तेवढ्यात लिफ्टमधून एक टांझानियाचा व्यापारी बाहेर आला. त्या भागात आफ्रिकेतले व्यापारी पुष्कळ उतरायचे. तो जाता जाता मेईला काहीतरी म्हणाला आणि मेईने त्याला फटकन उत्तर दिलं. सोफ्यावर बसलेला सालेम ताडकन उठला. कारण ती स्वाहिली बोलली होती!

आता सालेमची आजी झांझिबारची. पुष्कळ ओमानी घरांत असतं तसं, त्यांच्या घरात अरबीइतकीच स्वाहिली चालते. सालेम काउंटरवर गेला आणि म्हणाला, "पासी." स्वाहिलीत पासी म्हणजे इस्त्री. मेईने टाळी वाजवली आणि दोन मिनिटांत इस्त्री हजर!

पुढे साहेब हिंदीत सांगणार, सालेम स्वाहिलीत बोलणार, मेई चिनी भाषेत हाका मारणार, असं आमचं सगळं काम त्या हॉटेलात बिनबोभाट व्हायला लागलं. मेई म्हणे चार वर्षं आफ्रिकन गिऱ्हाइकांबरोबर बोलून बोलून शिकली होती.

सालेमला इतका आनंद झाला, की त्याने तिथूनच मस्कतला आजीला फोन लावला आणि मेईच्या हातात दिला. दोघी पाच मिनिटं खिदळत होत्या. मग फोन परत सालेमकडे आला. आजीने आवाज खाली आणून विचारलं, "मुलगी गोड आहे रे. झांझिबारमधल्या कुठल्या घरातली?"

*

आता तिजोरीचं सांगते. हे मात्र हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हतं, निदान त्या दिवशी तरी.

परतीचा दिवस. विमानाला चार तास. तिघांचे पासपोर्ट साहेबांनी खोलीतल्या छोट्या तिजोरीत ठेवले होते, आणि तिजोरी उघडेना. चार आकडी कोड. साहेबांना एवढं पक्कं आठवत होतं, की आपण लग्नाचा वाढदिवस टाकलाय, दिवस आणि महिना. महिना माहीत होता. दिवसावर गाडी अडली! दोन तारखा टाकून झाल्या. आणखी दोनदा चुकलं तर ती तिजोरी बंदच होणार होती आणि ती उघडणारा माणूस सुट्टीवर.

साळवी म्हणाला, "वहिनींका इचारा."

"वेडा आहेस का?" साहेब म्हणाले. पण घड्याळ बघितलं आणि फोन लावला.

मस्कतला तेव्हा सकाळचे सहा. वहिनी मुलीचा डबा भरत होत्या. साहेबांनी आधी हवापाण्याची चौकशी केली. मग म्हणाले, "अगं, आपल्या लग्नाची तारीख... म्हणजे एका फॉर्मवर लिहायची आहे."

पलीकडे डब्याचं झाकण जोरात लागलं. मग वहिनींनी तारीख सांगितली. एकेक अक्षर सुटं करून.

साहेबांनी ती टाकली. लाल दिवा. नाही उघडली!

आता एकच संधी उरली होती. साहेब पलंगावर बसले. सालेम जपमाळ ओढत होता. शेवटी साहेबांनी खरं काय ते सांगून टाकलं. तिजोरी, पासपोर्ट, सगळं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "एक दिवस पुढचा टाका."

"का?"

"बावीस वर्षं तुम्ही मला दुसऱ्या दिवशी शुभेच्छा देताय. तुमच्या डोक्यात तीच तारीख असणार."

साहेबांनी टाकली. हिरवा दिवा लागला आणि दार टक्कन उघडलं.

*

माझा नंबर लागला २०१७मध्ये. पहिल्यांदाच मी स्वतः गेले आणि पोहोचले तेव्हा माझी बॅग आलीच नव्हती. आत कपडे होते ते सोडा, टाइल्सचे मंजूर झालेले नमुने होते! त्यांच्याशी रंग जुळवून बघितल्याशिवाय ऑर्डर देता येणार नव्हती.

मी काउंटरवर जाऊन मेईला सांगितलं. तिने सहानुभूतीने मान हलवली आणि मला एक ग्लास गरम पाणी दिलं. खोलीत वाय-फाय चालेना. पुन्हा खाली. गरम पाणी. उन्हात फिरून डोकं दुखायला लागलं. गरम पाणी. मस्कतच्या उन्हात बर्फ चावून जगणारी बाई मी! शेवटी चिडून म्हटलं, "मला गरम पाणी नको, बॅग पाहिजे!" मेईने सालेमकडे बघितलं, सालेमने भाषांतर केलं, आणि मेईने ग्लासात आणखी पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एअरलाइनचा माणूस बॅग घेऊन आला. घामाघूम, दम लागलेला. मी बॅग उघडली. एकही नमुना फुटला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की या माणसासाठी काय करू आणि काय नको असं झालं. आणि मी काय केलं असेल? धावत जाऊन त्याच्यासाठी गरम पाणी आणलं!

तो ते उभ्या उभ्या प्यायला आणि पहिल्यांदा हसला.

*

आता साळवीचा किस्सा. हा त्याने स्वतः कधीच सांगितला नाही. अर्धा साहेबांनी सांगितला आणि उरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

साळवीला ठिबकणारा नळ सहन होत नाही. दुसऱ्याच ट्रिपला त्याच्या खोलीतला बेसिनचा नळ ठिबकायला लागला. साळवीच्या बॅगेत कायम एक पान्हा असायचा, वडिलांचा, त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याने खालचा कॉक बंद केला आणि नळ खोलला. नेमकी त्याच वेळी सफाईवाली आत आली. बघते तर गिऱ्हाइकाच्या हातात हॉटेलचा नळ! तिने आरडाओरडा केला. मॅनेजर आला आणि त्याच्यामागून हॉटेलचा मेन्टेनन्सचा म्हातारा, चेन मास्टर. निळा युनिफॉर्म, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

साळवीला दरदरून घाम फुटला. परक्या देशात पोलीस वगैरे झालं, तर नोकरी खलास. आणि गावी घराचा स्लॅब अर्धाच टाकून झालेला.

चेन मास्टरने नळ हातात घेतला. आतला भाग अंगठ्याने चाचपून बघितला. मग साळवीकडे बघितलं. खिशातून एक रबरी रिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि खुणेने म्हणाला, बसव. साळवीने बसवली. कॉक उघडला. एक थेंब नाही! चेन मास्टर मॅनेजरला काहीतरी म्हणाला, मॅनेजर निघून गेला, आणि म्हातारा साळवीच्या दंडाला धरून त्याला शेजारच्या खोलीत घेऊन गेला. तिथलाही नळ ठिबकत होता. त्या दिवशी दोघांनी मिळून तीन नळ दुरुस्त केले.

मग ते दर ट्रिपचंच झालं. साळवी ओमानी हलव्याचा डबा न्यायचा, मास्टर थर्मासमधून चहा आणायचा. एक मालवणीत बोलायचा, दुसरा चिनीत. साळवी परत येऊन सांगायचा, "मास्टरच्या धाकट्या चेडवाचां लगीन ठरलां." साहेब विचारायचे, "तुला रे कसं कळलं?" साळवी म्हणायचा, "त्यानेच सांगल्यान."

मी गेले त्या ट्रिपला साळवीने हॉटेलात पाय ठेवल्या ठेवल्या हलव्याचा डबा बाहेर काढला. मेई सालेमकरवी म्हणाली, "चेन मास्टर रिटायर झाले. गावी गेले." साळवीने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तो डबा हातात धरून तसाच उभा.

मग मेईने त्याला किल्ली दिली. खोली सहाशे बारा.

दहा मिनिटांनी मला त्याचा फोन आला. "ताई, जरा वर येवा."

मी गेले. बाथरूममध्ये नळ ठिबकत होता. खाली बादली नीट मांडलेली. बेसिनच्या कडेला नवा, खोक्यातला सुटा भाग, दोन रबरी रिंगा आणि घडी केलेला स्वच्छ फडका.

मेई मागोमाग आलीच होती. तिने मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं. 'दहा दिवस नळ खराब आहे. मास्टर सांगून गेले, कोणी हात लावू नका. ओमानचा माणूस येईल. त्याला काम नसलं तर करमत नाही.'

मी ते साळवीला मराठीत वाचून दाखवलं. तो बाथटबच्या काठावर बसला. मग बॅगेतून पान्हा काढला, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "ताई, बादली धरा."

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. बॅगा टॅक्सीत चढल्या. तेवढ्यात खोल्या तपासणारी बाई हॉटेलच्या दारातून धावत आली. तिच्या हातात साळवीचा पान्हा होता, त्याच स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. ती धापा टाकत मला खुणावत होती, विसरलात, विसरलात!

मी म्हटलं, "अरे साळवी, तुझा पान्हा!"

साळवीने वळूनही बघितलं नाही. टॅक्सीचं दार लावून घेतलं.

"विसरूक नाय, ताई. मास्टरच्या नावान ठेवलंय."