शंभरावी दीर्घिका आणि माझी खोली

आमच्या पुढच्या खोलीत अकरा वर्षं एक दुर्बीण राहत होती. राहत होती असंच म्हणते मी, कारण तिला स्वतःचं पांघरूण होतं, धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद असायची, आणि पाहुण्यांना तिच्या कडेकडेनं अंग चोरून आत यावं लागायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. आमच्याकडे आरसाच होता, दुर्बिणीतला, चांगला अठरा इंची. कांकणांचं नंतर बघू, असं हे म्हणायचे.

हे म्हणजे माझे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं उघडायची, आणि घरी आलं की काचेवर काच घासत पिंपाभोवती गोल गोल फिरायचं. दुर्बिणीचा तो आरसा घडवायला दोन वर्षं लागली. शेजारीण खिडकीतून बघायची आणि मला हळूच विचारायची, "बरे आहेत ना ते?"

"बरे नाहीत, पण जेवतात वेळेवर," मी सांगायची.

यांना चंद्र नको, शनीची कडी नकोत. "ती काय, कुणालाही दिसतात!" यांना हव्यात दीर्घिका, म्हणजे लांबलांबच्या आकाशगंगा, त्याही इतक्या अंधूक की दिसल्या काय नि न दिसल्या काय. अशा शंभर दीर्घिकांची यादी करून यांनी मला वचन दिलं होतं: शंभर झाल्या की दुर्बीण शाळेला, खोली मला. मला तिथे शिलाई मशीन मांडायचं होतं. खिडकीपाशी, उजेडात.

त्यात यांचा नियम. नुसतं 'दिसली' म्हणून भागत नाही. दुसऱ्या माणसानं, काहीही न विचारता, कागदावरच्या वर्तुळात ती कुठे दिसली ते काढून दाखवायचं. दोन्ही चित्रं जुळली तरच एक दीर्घिका जमा. तो दुसरा माणूस म्हणजे यांचे पोस्टमन मित्र. नव्याण्णव झाल्या आणि पोस्टमन मुलीकडे राहायला निघून गेले. महिनाभर हे असे तोंड पाडून फिरत होते की मलाच बघवेना.

"मी येते," मी म्हटलं. "पण खोलीसाठी येते, लक्षात ठेवा."

वस्ती मागे टाकून दोन तास झाले तेव्हा कुठे यांच्या पसंतीचा अंधार लागला. दुर्बीण उभी राहिली, आणि मी शाल घ्यायला गाडीचं दार उघडलं. आतला दिवा फक्कन लागला.

"अगं बंद कर! डोळे गेले माझे!" यांनी अशी बोंब ठोकली की मला वाटलं, सापच निघाला. डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो म्हणे. तो अर्धा तास आम्ही स्टुलांवर बसून मनसोक्त भांडलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढा निवांत वेळ पहिल्यांदाच मिळाला.

मग हे शिडीवर चढले, बराच वेळ बघितलं, चित्र काढून खिशात घातलं आणि मला वर पाठवलं.

चार तारे. बाकी काळं.

"काय दिसतं?"

"चार तारे. कसं बघायचं सांगा ना."

"काही सांगणार नाही. नियम म्हणजे नियम."

सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवणारी मी, डोळे फाडफाडून बघत होते. मान अवघडली. वाटलं, द्यावं ठोकून, खोली तरी मिळेल. पण ठिपका काढायचा कुठे? मग मात्र माझं टाळकं सटकलं. डोळा भिंगाला तसाच ठेवून मी खाली यांच्याकडे तिरकी नजर टाकली. "अहो, अकरा वर्षं तुम्ही या..."

आणि ती दिसली! काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तेवढाच डाग. सरळ बघितलं, गेली. तिरकं बघितलं, आली. "आहे! गेली! आहे, अहो, आहे!" मी शिडीवर हसत सुटले. एवढा आनंद मला कशाचा झाला ते मला अजून कळलेलं नाही.

"तिरकंच बघायचं असतं," हे खालून पुटपुटले. सव्वीस वर्षांचा सराव माझा, तो असा कामी आला.

लाल बॅटरीच्या उजेडात मी चित्र काढलं. यांनी खिशातलं काढून शेजारी धरलं. डाग तिथल्या तिथे! मग यांचं बोट थांबलं. "हा दुसरा कसला?"

"दिसला, काढला."

"तिथे काही नाही."

"वर जाऊन बघा."

हे चढले. मग दुर्बिणीच्या नळीला टिचकी मारल्याचा आवाज, हललं की अंधूक गोष्ट नजरेत भरते म्हणून. "आहे गं," हे वरून म्हणाले. यांच्या ताऱ्यांच्या नकाशात ती होती. पण आपल्या आरशाला ती झेपायची नाही, असं ठरवून यांनी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

आम्ही काळोखात वेड्यासारखे नाचलो. शिडी पडली. मग हे दुर्बिणीवर हात ठेवून म्हणाले, "गंगेत घोडं न्हालं. उद्या शाळेत फोन करतो. खोली तुझी."

"थांबा," मी म्हटलं. "ती दुसरी कुणाची?"

"तुझी."

"आणि साक्षीदार?"

"मी."

"मग माझी एक झाली. अजून नव्याण्णव राहिल्या."

दुर्बीण पुढच्या खोलीतच आहे, शिलाई मशीन आता स्वयंपाकघरात आहे. पाहुणे दोन्हीकडे अंग चोरून येतात.