फोटोतली सूचना

आमच्या वाचनालयाचं वेबपान मीच बनवलं. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला, वाचनालयाचा सचिव. मोबाईलवरचे धडे पाहत शिकलो. गावानं कौतुक केलं. त्याच पानामुळे एका बाईची नोकरी हुकली आणि ठपका तिच्यावरच बसला. तो मी लिहिला होता.

ती जळगाव जामोदची. तिला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो ते ती ऐकते. आमच्याकडे साहाय्यक ग्रंथपालाची जागा निघाली, तेव्हा अर्ज द्यायला बसनं आली आणि मला म्हणाली, "सर, तुमचं पान उघडलं त फोन नुसता 'चित्र, चित्र' म्हणून राह्यला. आत काय लिहेल हाय ते सांगतच नाही."

कारण मला माहीत होतं. आम्ही सूचना कागदावर छापायचो, सही घ्यायचो, गोल शिक्का मारायचो आणि त्या कागदाचा फोटो पानावर टाकायचो. मजकूर पानावर सरळ टाईप करावा, असं मी अध्यक्षांना सुचवलं होतं.

"सही-शिक्क्याबिगर सूचना राह्यते का, गुरुजी? उद्या कोणीही टाईप करून टाकीन," ते म्हणाले.

मी फोटोच टाकत राहिलो. फोटो आणि टाईप केलेला मजकूर, दोन्ही ठेवता आलं असतं. पंधरा मिनिटांचं काम. तिला "करतो" म्हणालो आणि केलं नाही.

मुलाखतीची तारीखही फोटोतच गेली. ती आली नाही. नंतर तिची तक्रार आली, बैठक झाली.

"वेबसाइटवर होतं ना, गुरुजी?" अध्यक्षांनी विचारलं.

"होतं."

"नोकरी पायजे, अन् तारीख पाहाले सवड नाही," एक सदस्य म्हणाले. दोघे-तिघे हसले. इतिवृत्तात मी लिहिलं: सूचना मिळूनही उमेदवार गैरहजर. अक्षर माझं नेहमीसारखं चांगलं आलं होतं.

पुढे देऊळगाव राजाच्या एका संस्थेनं तिच्याविषयी फोनवर चौकशी केली. अध्यक्षांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. मी समोर बसून चहा पीत होतो. तेच वाक्य ऐकवून तिथंही तिला नाकारलं.

यंदा पान पुन्हा बांधलं. कुणाला विचारलं नाही. सगळ्या सूचना टाईप केल्या. केशरीवरची पिवळी अक्षरं काढून पांढऱ्यावर काळी, मोठी केली. पूर्वी मोबाईलवर ओळ वाचायला पान आडवं सरकवावं लागे. आता मजकूर पडद्याच्या रुंदीत बसतो. उरलेल्या फोटोंना फोन वाचू शकेल असं वर्णन दिलं. हे करताना बरं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

मग पानाच्या शेवटी लिहिलं: त्या उमेदवाराला सूचना वाचता येणार नाही हे मला आधीच माहीत होतं. इतिवृत्तातलं वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं. खाली माझं नाव.

तिला फोन करून पान ऐकायला सांगितलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"ऐकलं, सर. पण वाचनालयाची वेळ, वर्गणी, सुट्ट्या, सगळं होऊन मंग ते येते. तवरक कोण ऐकन?"

मी माफी मागायला लागलो.

"ते राहू द्या. वर घ्या ते."

मी तो मजकूर उचलून शीर्षकाच्या खाली ठेवला. ती फोनवरच थांबली होती. दुसऱ्या फोनवर पान पुन्हा उघडल्याचा आवाज आला, मग माझं वाक्य त्या यंत्राच्या आवाजात, शेवटपर्यंत.

"हाव, आता पहिले येते," ती म्हणाली. "देऊळगाव राजाच्या त्या संस्थेलेही हे पाठवा. मी नाही पाठवत. तुम्हीच पाठवा."

त्याच दुपारी पाठवलं.