थंड समुद्र आणि दोघंच

ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी करते म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्याकडं फिरण्याचे काय एकेक किस्से असतील! डोंबल! मी कुठं फिरते? मी बारामतीत एका गाळ्यात एसीखाली बसते आणि दुसऱ्यांना फिरायला पाठवते. किस्से सगळे टेबलाच्या पलीकडच्या खुर्च्यांवरून येतात. माणसं विमानात बसून निघून जातात, फाइल कपाटात जाते आणि किस्से मात्र आमच्याकडं साचत राहतात. ऑफिसात अमोलदादा, म्हणजे आमचे मालक, आणि मी. चहाला कुणी आलं की आमचं सुरू!

पण यंदाच्या उन्हाळ्यात एकाच फाइलनं जेवढे किस्से दिले ना, तेवढे आधीच्या तीन वर्षांत मिळून झाले नसतील. फाइलवर मीच स्केचपेननं नाव टाकलं होतं : तात्या-काकू, थंड समुद्र.

*

फेब्रुवारीतली गोष्ट. दार ढकलून एक काका आत आले. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. मागं काकू, हातात पिशवी. काका "जयभीम" म्हणाले आणि बसायच्या आधीच ऑर्डर सोडली, "आमाला थंड समुद्र पायजे."

अमोलदादानं लगेच स्क्रीनवर फोटो काढले. "हे बघा तात्या, तारकर्ली. एक नंबर!"

"तितं घाम येतो."

"मग गोवा?"

"तितं तर लईच येतो."

"मग मनाली करा की! बर्फच बर्फ!"

"बर्फ हाय, पर समुद्र कुठं हाय तितं?"

दादानं सगळे फोटो बंद केले! चौदा वर्षं धंद्यात असलेला माणूस पहिल्यांदा हरलेला मी बघितला.

मग कळलं. तात्या भवानीनगरला साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे उसाचा पाक उकळून त्यातून साखरेचा दाणा उभा करणारा माणूस. पस्तीस हंगाम वाफेच्या तोंडाशी काढलेले. "आता रिटायर झालोय," ते म्हणाले. "भर उन्हाळ्यात स्वेटर घालून समुद्रापुढं उभं ऱ्हायचंय मला. बास. दुसरी काय इच्छा न्हाय."

"आणि काकू, तुमचं काय?" मी विचारलं.

काकूंनी एकच शब्द सांगितला, "दोघंच."

मला वाटलं, लाजत असतील. छे! काकू खुर्ची पुढं ओढून सांगायला लागल्या, "चौतीस वर्षं झाली लग्नाला. दोघंच असं आमी निमगावच्या बाजारालासुदिक गेलो न्हाय. कुठं जायचं म्हटलं की जीप, आन् जीप म्हटली की अकरा माणसं! महाबळेश्वरला गेलतो, तर तीन दिवस मी सगळ्यांच्या चपला मोजत हुते. पॉइंट एकबी बघितला न्हाय!"

खोटं नाही हां. आमच्याकडं गाडीत एक सीट मोकळी ठेवून निघणं म्हणजे गावाचा अपमान असतो!

*

दोन दिवसांनी मी नॉर्वे काढलं. लोफोटन नावाची बेटं. समुद्राच्या कडेला डोंगर, लाल लाल लाकडी घरं, आणि जूनमध्ये पारा दहा-बारावर. तात्यांना बघताक्षणी पसंत!

काकू मात्र स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. एकेक फोटो बारकाईनं बघितला. मी म्हटलं, आता विचारणार जेवणाचं, पाण्याचं. काकूंनी समुद्रावर बसलेल्या बायकांवर बोट ठेवलं.

"ह्या हितं अशा जाकिटं घालूनच बसत्यात का?"

"हो काकू. थंडी असते ना!"

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग हे बरं हाय. ह्यांना मान खाली घालून फिरायला नगं!"

तात्यांनी एवढ्या जोरात खाकरलं की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून बघितलं!

त्याच बैठकीत मी सांगून टाकलं, की बाबांनो, तिथं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. नंतर भांडण नको! काकू घाबरल्या. "मावळत न्हाय म्हंजे? मग झोपायचं कधी?"

तात्या शांतपणे म्हणाले, "आगं, शिफ्ट लावू."

*

व्हिसाच्या कागदांत लग्नाचा दाखला लागतो. तात्या म्हणाले, "लग्न झालंय की. सगळ्या गावानं बघितलंय." पण नोंदणी? ती कुठं कुणी केलीय! गावात विहारापुढं मांडव पडला, भन्तेजींनी लग्न लावलं, जेवणं झाली, संपला विषय.

मग काय, चौतीस वर्षांनी दोघं ग्रामपंचायतीत लग्न नोंदवायला गेले. सोबत त्यांची मुलगी स्नेहल. ती पुण्यात इंजिनिअर आहे, खास रजा काढून आलेली. मीपण गेले, कागद बघायला म्हणून. खरं म्हणजे मजा बघायला!

ग्रामसेवक भाऊसाहेब एकदम कडक. फॉर्म वाचता वाचता थांबले. "साक्षीदार नंबर एक, मुलगी? ताई, तुमी लग्नाला हजर हुता का?"

स्नेहल म्हणाली, "हजर नव्हते. पण पुरावा मीच आहे ना!"

सगळं ऑफिस हसलं. भाऊसाहेबपण हसले. पण फॉर्म परत केला. लग्न डोळ्यांनी बघितलेली तीन माणसं पाहिजेत! स्नेहलचे मामा हजर होते, एक मेहुणे सापडले. तिसऱ्या सहीला मात्र गाडी अडली, कारण लग्नाला हजर असलेलं आणि आधारकार्डावरचं नाव बरोबर असलेलं तिसरं माणूस एकच उरलं होतं.

आक्का.

*

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. इंदापूरला दिलेली. आवाज असा, की फोन स्पीकरवर टाकायची गरजच नाही. महाबळेश्वरच्या त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर कोण होतं, ते मी सांगायला नको!

आक्का ग्रामपंचायतीत सही करायला आल्या त्या पिशवी घेऊनच. पिशवीतून काय काढावं? स्वतःचे चार पासपोर्ट साइज फोटो! माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पोरी, ह्यांच्या संगं माझंबी नाव घाल. तिकडं परक्या मुलखात दोघंच कशी जात्याल? कोण तरी मोठं माणूस नगं का?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्या पंख्याकडं बघायला लागले. पस्तीस वर्षं वाफेसमोर उभा राहिलेला माणूस, पण बहिणीसमोर? विषय कट!

"आक्का, आधी सही करा," मी म्हटलं.

"आधी नाव घाल."

"तुमच्याकडं पासपोर्ट तरी आहे का?"

"काढू की! ही दोघं थांबत्याल. न्हाय का रं?"

तात्या अजून पंख्याकडंच. मला काकूंचा चेहरा बघवेना. चौतीस वर्षांत नणंदेला एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं त्यांनी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. मग एकदम टोक सोडलं आणि उठल्या.

"ऱ्हाऊ द्या आक्का. सही नगं."

"आँ? मग दाखला?"

"दाखलाबी नगं. आमी बिनलग्नाचंच जातो!"

भाऊसाहेबांचं पेन हवेत. आक्कांनी आधी दाराकडं बघितलं, बाहेर कोण ऐकतंय का ते. मग माझ्या हातातून फॉर्म ओढला.

"कुठं करू सही?"

*

एप्रिलमध्ये बारामतीत गरम जॅकेट मिळवणं म्हणजे काय, ते मला विचारा! दुकानदार म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना?" शेवटी पुण्याहून मागवली. एक निळं, एक मेंदी कलरचं.

आता तात्या पडले पॅनमन. चाचणी घेतल्याशिवाय माल पास करायचा नाही! पण बाहेर बेचाळीस डिग्रीत थंडीची चाचणी घेणार कुठं? काकूंचा भाऊ इंदापूरकडं एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. एका दुपारी दोघं तिथं गेले. द्राक्षांच्या पेट्यांच्या मधे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या आणि जॅकेट, कानटोपी, मोजे घालून, हाताची घडी करून बसले. अर्धा तास! येणारेजाणारे हमाल वाकून वाकून बघतायत.

तेवढ्यात एक व्यापारी माल बघायला आला. थंडीनं आधीच कुडकुडत होता, त्यात कोपऱ्यात हे दोघं!

"आरं, ह्या दोन पेट्या कुणाच्या?" त्यानं विचारलं.

तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "नॉर्वेच्या. एक्स्पोर्ट क्वालिटी. हात लावायचा न्हाय!"

*

हा पुढचा किस्सा सांगताना माझीच कॉलर ताठ होते.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं. मी सोबत गेले होते. काकूंचे ठसे दोन मिनिटांत झाले. तात्यांनी बोटं ठेवली, मशीन लाल. पुसून ठेवली, लाल. काउंटरवरच्या मुलीनं ओला टिश्यू दिला, क्रीम दिलं, बोट स्वतः दाबून धरलं. लाल, लाल, लाल!

मागं रांग वाढत चाललेली. मुलगी वैतागली नव्हती, पण थकली होती. म्हणाली, "अंकल, ठसे येतच नाहीत. कदाचित परत यावं लागेल. आंटी, तुमचं झालंय, तुमचा फॉर्म पुढं पाठवू का?"

"एकटीचा?" काकू म्हणाल्या. "एकटी जाऊन काय करू मी तितं?"

तात्या हळूच म्हणाले, "तू जा. स्नेहलला घेऊन जा. माझं बघू पुढच्या साली."

असं बोलले आणि स्वतःच्याच बोटांकडं बघत बसले. पॅनमन काय करतो माहितीय? पॅनमधून गरम पाकाचा नमुना काढतो, काचेवर घेतो, आणि अंगठ्यानं बोटावर चोळून दाणा किती झालाय ते बघतो. दिवसातून शंभरदा. पस्तीस हंगाम! कुठले राहणार ठसे?

हे मी त्या मुलीला समजावून सांगणार, तेवढ्यात काकू काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, सकाळपासनं च्या पिलीस का न्हाय?"

"हो... दोन वेळा."

"साखर घालून?"

"हो आंटी, पण..."

"मग ह्यांचे ठसे तुझ्या मशीनीत कशाला हुडकतीस? तुझ्या च्यात हायेत की!"

मुलीनं शेजारच्या चहाच्या कपाकडं बघितलं. मग उठली, आत गेली आणि साहेबांना घेऊन आली. साहेबांनी तात्यांची दहाही बोटं उलटीपालटी करून बघितली, कुठं काम केलं ते विचारलं, फॉर्मवर शेरा मारला आणि सही केली. जाताना तात्यांशी हात मिळवला. मी सांगते, त्या हॉलमध्ये सगळ्यात भारी माणूस आमचा होता!

*

पासपोर्ट आले त्या दिवशी तात्या एकटेच ऑफिसला आले. व्हिसाचं पान उघडलं, ट्यूबलाइटकडं धरलं, एक डोळा बारीक केला, पान थोडं तिरकं केलं. त्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

दादा म्हणाला, "तात्या, नाव-तारीख चेक करा की."

"ते तू कर," तात्या म्हणाले. "दाणा पक्का हाय."

*

जूनमध्ये गेले एकदाचे. मुंबईला सोडायला जीप गेली होती, त्यात किती माणसं होती ते विचारू नका. पण विमानात दोघंच!

तिसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. फॅमिली ग्रुपवर, आमच्या ऑफिसच्या नंबरवर, सगळीकडं. एका दिवसात सत्तर-ऐंशी! तात्या निळ्या जॅकेटात समुद्रापुढं, हात मागं बांधून, कारखान्याचे चेअरमन असल्यासारखे. काकू मेंदी जॅकेटात, खाली नऊवारी, लाल घरापुढं. तात्या बोटीत. काकू बोटीत. तात्या मासे वाळत घातलेल्या मांडवाखाली. काकू त्याच मांडवाखाली, नाकाला पदर लावून!

मी आणि दादा कौतुकानं बघत होतो. दादानं तर दोन फोटोंची प्रिंट काढून दारावर लावली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आपले भवानीनगरचे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. आक्का!

"पोरी, खरं सांग. त्या दोघांचं भांडाण झालंय का?"

"नाही हो आक्का! का?"

"आगं, फोटू बघ की नीट. दीडशे फोटू आल्यात. एकात तरी दोघं शेजारी उभी हायेत का?"

मी परत सगळे फोटो उघडले. दादापण मागं येऊन उभा राहिला. तात्या. काकू. तात्या. काकू. तात्या, तात्या, काकू. खरंच की! एकसुद्धा नाही!

एवढं सगळं करून तिथं जाऊन भांडले की काय? लगेच व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी उचलला. वाऱ्यानं कानटोपी उडायला आलेली, नाक लाल झालेलं, आणि चेहरा असा खुललेला, की काय सांगू! मागं लांबवर तात्या दिसत होते, समुद्राकडं तोंड करून उभे.

"काकू, सगळं ठीक आहे ना?"

"लई झ्याक हाय! आत्ता मी ह्यांचा काढला, आता हे माझा काढणार हायेत."

"अहो, पण दोघांचा एकत्र एक तरी काढा ना! तिथं माणसं असतील की आसपास. कुणाला तरी हाक मारा, एक मिनिट बोलवा, तो काढून देईल!"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आक्कांची सख्खी बहीण आहे.

"कुणाला कशाला बोलवू, बाई? मग दोघंच कुठं ऱ्हायलो आमी?"