तात्यांचा बॉयलर आणि माझं अपडेट

तात्या, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. बरीच वर्षं बंद पडलेला तो कारखाना गेल्या दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सुरू व्हायचा होता. बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवणार होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तात्या खाटेवर. तरी त्यांनी हेका धरला होता, बघायचा तर पेटताना. बॉयलर पेटला की त्या क्षणी भट्टीला हात जोडायचे, हा फायरमन लोकांचा रिवाज. "मागून दाखवशील तर नगं," त्यांनी मला बजावलं. "इझून गेलेल्या जाळाला कोन हात जोडतंय?"

मोबाईलवरचं चित्र त्यांना दिसत नाही. टीव्हीवरचे रंग आणि मोठे आकार तेवढे कळतात. आमचा टीव्ही जुना, त्याला इंटरनेटचा गंध नाही. म्हणून मी त्याला एक छोटा कॉम्प्युटर जोडला होता. त्यात टीव्हीवर सिनेमे, गाणी लावायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आणि त्याला इंटरनेटवरचे व्हिडिओ आणून देणारं एक ॲड-ऑन. संगमनेरला कॉलेजात मी गणित शिकवते, पण माहेरी मला सगळे कॉम्प्युटरवाली समजतात, आणि तो मान मी मुकाट्याने मिरवते.

त्या दिवशी अकराला सगळं लावून पाहिलं. झकास चालत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात 'अपडेट उपलब्ध' असं आलं. मुहूर्त अकरा एक्केचाळीसचा होता. पण आमच्या तालुक्यात मुहूर्त पत्रिकेपुरता असतो. खरा मुहूर्त म्हणजे प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरते तो, आणि ती साडेबाराच्या आत शिरलेली मी जन्मात पाहिलेली नाही. तास-दीड तास हाताशी आहे असा हिशोब करून मी अपडेट दाबलं. गणिताची बाई ना मी!

ॲड-ऑन उघडेचना. बिघाडाची नोंद उघडली तर इंग्रजी ओळींचा ढीग. त्यातून एवढंच कळलं की नव्या ॲड-ऑनला हवा असलेला एक तुकडा आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. ते काढलं, परत टाकलं. मग जुनी आवृत्ती शोधली, तर ती मुंगीच्या पावलांनी उतरायला लागली. मी त्या डब्याला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"व्हतंय का गं?" तात्यांनी विचारलं.

"होतंय, तात्या."

होत काहीच नव्हतं.

अकरा पस्तीसला कारखान्यावरून चुलतभावाचा फोन आला. "ताई, लावलं का? पाव्हणं कवाच आलंत. त्यांना पुढं नेवाशाला जायचंय, लई घाई चाललीय!"

काहीच सुचेना, तेव्हा मोबाईलवर कार्यक्रम लावला आणि तात्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी मान मागे घेतली, पुढे केली, डोळे बारीक केले.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

मी मोबाईल माझ्याकडे वळवला. पूजा आटोपली होती. भट्टीचं दार उघडलं, कुणीतरी पेटता बोळा आत टाकला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, पेटला!"

तात्यांनी मोबाईलकडे नाही, टीव्हीकडे तोंड वळवलं. माझ्या खटाटोपात त्याची सगळी मांडणी पुसली गेली होती आणि सॉफ्टवेअरचा मूळचा लालभडक पडदा वर आला होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ॲड-ऑन सुरू होऊ शकले नाही' एवढंच.

त्यांनी दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले. "दिसला गं, दिसला! केवढा जाळ हाय!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो, तात्या," मी म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत टीव्हीला हात लावला नाही.