खिडकीतला ग्लास
कॉफीचा वास आला की मला आमच्या गावच्या शाळेची स्टाफरूम आठवते. आई तिथे शिक्षिका होती आणि मी चौथीत होते. आम्ही बौद्ध, म्हणून हेडमास्तर धरून बाकी पाच शिक्षकांचे कप कपाटात असायचे आणि आईचा स्टीलचा ग्लास वेगळा, खिडकीत. तो तिचा तीच विसळायची. त्यावर कुणी बोलत नसे, आईसुद्धा नाही. मग एका रविवारी तिने इचोड्याच्या बाजारातून पांढऱ्या चिनीमातीचा, निळ्या वेलबुट्टीचा कॉफीसेट आणला. एक किटली आणि अगदी एकसारखे सहा कप. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने स्वतः कॉफी करून सगळ्यांना दिली, उरलेला कप आपण घेतला, नंतर सगळे कप एकाच बादलीत धुऊन कपाटात ओळीने लावले. मंगळवारी कॉफी झाली तेव्हा हेडमास्तर कपाटापुढे अडून राहिले. "मॅडम, यातला तुमचा कप कोणता?" आई किटली हातात घेऊन म्हणाली, "सगळे माहेच हायेत, सर. घ्या कोणताबी, कॉफी थंडी होऊन राह्यली." ते बराच वेळ त्या निळ्या वेली न्याहाळत राहिले, जणू कुठेतरी खूण सापडेल. शेवटी त्यांनी एक कप उचलला. खिडकीतला ग्लास आईने त्या संध्याकाळी घरी आणला आणि पिठाच्या डब्यात मापाला टाकला. आता तो सेट माझ्याकडे आहे. मुलगी विचारते, यातला आजीचा कप कोणता? मला सांगता येत नाही, आणि आईला नेमकं तेच हवं होतं.