पोटातली लडी

लग्न होऊन शहापुरात आले, त्या पावसाळ्यातली गोष्ट. सासरी दोन माग होते. सासूबाईंनी रंगवलेल्या रेशमाच्या सहा लड्या म्हणून गठ्ठा हातात दिला. त्यांच्यासमोर मोजून घ्यायची मला लाज वाटली. अंगणातल्या दगडी डोणीत धुऊन काढल्या तेव्हा पाचच निघाल्या. काठाची बदामी लडी नव्हती.

"म्हायेरी धाडलीस व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

सासरे म्हणाले, "घावली न्हाय, तर सोमवारी हिला म्हायेरी सदलग्याला पोचवून येतो."

मी पुन्हा डोणीत हात घालून पाहिला.

सासूबाईंनी स्वतः डोण चाचपली. ओंजळीत आलं बेडकाचं पिल्लू. ते उताणं होताच त्या ओरडल्या, "अवं, हिकडं या! ह्येनं खाल्ली!"

पातळ कातड्यातून पोटातलं वेटोळं स्वच्छ दिसत होतं. बदामी, बारीक, फेऱ्याला फेरा लागून. सूत गुंडाळण्यात जन्म गेलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं. "गुंडाळलंय मातर झ्याक. आपल्या पोराला असं जमत न्हाय."

ते आतडं होतं. लहानपणी नदीकाठच्या डबक्यात मी ही पिल्लं तासन्‌तास पाहिली होती. ती दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, कुजका पाला खातात, मेलेलं भावंडही सोडत नाहीत. रेशीम खाताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. पण हे सांगितलं असतं, तर चोर पुन्हा मीच. सदलग्याची गोष्ट मागे पडली.

सासूबाई रोज डोणीत भाताची शितं टाकू लागल्या. "पोटभर खावा, पर सुताला तोंड लावू नगासा." पुढे पिल्लांना पाय फुटले, तसं वेटोळं आखडत गेलं. "पचीवली गं," त्या हळहळल्या.

एका दुपारी झाडताना लडी सापडली. मागावर सासरे ज्या पोत्यावर बसत, त्याच्याखाली. रंग जुळवायला त्यांनीच नेली असणार. पण मामंजी लडीवर बसले होते, हे नव्या सुनेनं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी ती भिजवली आणि डोणीच्या काठावर ठेवली. शेजारी शेपटी गळत आलेला एक बेडूक बसला होता.

"ओकला!" सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बघा, एक गाठ पडू दिली न्हाय!"

त्या काठाचं लुगडं त्यांनी मलाच नेसवलं. शेजारणींना काठ दाखवून सांगत, "बेडकाच्या पोटातनं आलंय ह्ये." मी मान खाली घालायची.

बायका म्हणत, "लई लाजाळू सून हाय बाई."